मधुमेह्याचें वजन : उतरविलेलें आणि उतरलेलें

मधुमेह हा शहरांतील बैठ्या लोकांचा रोग आहे, शेतकऱ्यास त्याची बाधा होत नाहीं, अशी समजूत आपल्या समाजांत पुष्कळ दिवस रूढ होती व अद्यापि ती पुरती गेलेली नाहीं. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनें देशभर केलेल्या पाहणीचे आंकडे सन २०२३ मध्यें प्रसिद्ध झाले. त्यांवरून देशांत सुमारें १० कोटी १० लक्ष माणसें मधुमेही आहेत, आणि ग्रामीण भागांतील प्रौढांत हें प्रमाण शेंकडा ८.९ आहे. शहरांत तें शेंकडा १६.४ आहे, म्हणजे खेडें शहराच्या निम्म्यापलीकडे येऊन पोहोंचलें आहे. निदान माझ्या पाहण्यांत तरी ज्या घरीं बागाईत जमीन, ट्रॅक्टर व दोन मोटारसायकली आहेत, त्या घरांतून हा रोग विशेषेंकरून दिसतो.

अशा मधुमेह्यास डॉक्टरांकडून पहिली आज्ञा मिळते ती 'वजन कमी करा' ही. आज्ञा अगदीं रास्त आहे. परंतु ती तीन शब्दांत संपते, आणि दवाखान्यांतील गर्दींत पुढचें सांगण्यास डॉक्टरांस सवड नसते. किती कमी करावें, कशानें करावें, आणि वजन उतरत असतां चालू असलेल्या गोळ्यांचें काय करावें, हे प्रश्न घेऊन रोगी घरीं येतो. प्रस्तुत लेखक वैद्य नव्हे. महसूल खात्याच्या दप्तरांत आयुष्य घालविलेला व स्वतः मधुमेही असलेला एक कारकून आहे. तेव्हां येथें जें लिहिलें आहे तें डॉक्टरांस नीट प्रश्न विचारतां यावे एवढ्यासाठींच आहे, असें समजावें. शिवाय हा लेख प्रौढपणीं जडणाऱ्या मधुमेहापुरताच आहे. लहानपणीं वा तरुणपणीं जडणारा आणि पहिल्या दिवसापासून इन्सुलिनवरच चालणारा जो प्रकार, त्याच्या रोग्यांनीं, तसेंच गरोदर स्त्रियांनीं, यांतील कांहींएक स्वतःच्या मतानें अंमलांत आणूं नये.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. एखाद्या खातेदाराचें क्षेत्र कमी झालेलें दिसलें, म्हणजे कारकून विचारतो कीं, तें विकलें, वाटणींत गेलें, कीं पुरानें खरडून नेलें? कागदावर आंकडा एकच दिसतो, पण अर्थ निराळा असतो. मधुमेह्याच्या वजनाचें असेंच आहे. कांहीं वजन माणूस प्रयत्नानें उतरवितो, आणि कांहीं आपोआप उतरतें. पहिलें औषध आहे. दुसरें बहुधा रोग वाढल्याची खूण आहे.

रक्तांतील साखर पुष्कळ वाढली, साधारणतः १८० च्या वर गेली, म्हणजे ती मूत्रावाटे बाहेर पडूं लागते. ठिबकच्या नळींत पाणी भरपूर असावें आणि तोटींचीं तोंडें क्षारानें बुजलेलीं असावीं, म्हणजे झाड जसें पाण्याशेजारीं सुकतें, तसें येथें होतें. रक्त गोड असतें, परंतु इन्सुलिनचें काम मंदावल्यामुळें ती साखर स्नायूंच्या उपयोगीं पडत नाहीं. मग शरीर आपलाच मेद व मांस जाळून गरज भागवितें. माणूस खातो पुष्कळ, तहान शमत नाहीं, रात्रीं चारचार वेळां उठावें लागतें, आणि सदरा ढिला होत जातो. आमच्याकडील एका लग्नांत एका गृहस्थांची सर्वजण वाहवा करीत होते कीं, "पाहुणे, काय छान बारीक झालांत!" दोन महिन्यांत त्यांचें ९ किलो वजन गेलें होतें. त्यांनीं पथ्य कांहींच केलें नव्हतें. पुढच्या आठवड्यांत रक्त तपासलें तेव्हां साखर ४०० च्या वर निघाली.

दुसरी गोष्ट क्षयरोगाची. मधुमेह्यास क्षय होण्याचा संभव इतरांच्या दुप्पट-तिप्पट असतो. वजन आपोआप उतरत असून दोन आठवड्यांहून अधिक खोकला किंवा संध्याकाळचा बारीक ताप असेल, तर थुंकीची तपासणी करावी. सरकारी दवाखान्यांत ती विनामूल्य होते. सारांश, खाण्यांत वा श्रमांत जाणूनबुजून कांहीं फरक केलेला नसतां वजन उतरूं लागलें, तर आनंद न मानतां तपासणीस जावें.

आतां उतरविण्याच्या वजनाकडे वळूं. मेद तो मेद, मग पोटावरच्या मेदास एवढें दूषण कां? याचें उत्तर असें कीं, कातडीखालच्या कोठारांत न मावलेला मेद पोटाच्या आंत, यकृतांत व स्वादुपिंडांत जाऊन सांचतो. यकृत मेदानें भरलें म्हणजे तें इन्सुलिनचें ऐकेनासें होतें आणि रात्रभर रक्तांत साखर सोडीत राहतें. स्वादुपिंडांत मेद शिरला म्हणजे इन्सुलिनचें उत्पादनच घटतें. हें कोठार प्रत्येकाचें सारखें नसतें, आणि आपल्या देशांतील माणसांचें तें लहान असतें. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनीं सन २००४ मध्यें 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकांत स्वतःचेच आंकडे प्रसिद्ध केले. उंचीच्या मानानें दोघांचें वजन तंतोतंत सारखें, म्हणजे बीएमआय २२.३; पण युडकिन यांच्या शरीरांत मेद शेंकडा ९.१, तर याज्ञिकांच्या शरीरांत शेंकडा २१.२ निघाला. "मी कांहीं लठ्ठ नाहीं," असें म्हणणाऱ्या आपल्या बांधवांनीं हे आंकडे ध्यानांत घ्यावे. वजनकांट्यापेक्षां कमरेचा घेर आपल्याला अधिक खरें सांगतो. पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटरच्या व स्त्रीचा ८० सेंटिमीटरच्या आंत असावा. मापणें तें विजारीच्या पट्ट्यावर नव्हे, कारण पट्टा बहुधा पोटाखालीं घसरलेला असतो. शेवटची बरगडी व कमरेचें हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, टेप लावावी.

वजन उतरविल्यानें खरोखर किती लाभ होतो, याचा मोठा पुरावा स्कॉटलंड व इंग्लंडांतील टाइनसाइड येथें मिळाला. न्यूकॅसलचे प्रा. रॉय टेलर व ग्लासगोचे प्रा. माइक लीन यांनीं चालविलेल्या 'डायरेक्ट' नांवाच्या या प्रयोगाचा पहिल्या वर्षाचा निकाल सन २०१७ मध्यें प्रसिद्ध झाला. रोग्यांच्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीं बंद करून त्यांस तीन ते पांच महिने दिवसास सुमारें ८५० उष्मांकांच्या पेयाहारावर ठेविलें, आणि मग हळूहळू नेहमींच्या अन्नावर आणलें. वर्षाअखेर शेंकडा ४६ रोग्यांची साखर गोळीवांचून मधुमेहाच्या रेषेखालीं आली. नेहमींचे उपचार घेणाऱ्यांत हें प्रमाण शेंकडा ४ होतें. ज्यांनीं १५ किलो किंवा अधिक वजन उतरविलें, त्यांच्यांत तर तें शेंकडा ८६ होतें. परंतु यांतील सर्वांचा रोग सहा वर्षांच्या आंतील होता, कोणीही इन्सुलिनवर नव्हतें, आणि दुसऱ्या वर्षाअखेर शेंकडा ४६ चे ३६ झाले. वजन परत आलें तेथें रोगही परत आला. म्हणून याला रोग गेला असें न म्हणतां रोग निजला असें म्हणावें. तसला पेयाहार घरच्या घरीं करून पाहूं नये, हें निराळें सांगावयास नको. आपल्यापैकीं बहुतेकांस एवढी मजल गांठतां येणार नाहीं. तरी वजनाच्या शेंकडा ५ ते १० उतरविलें, म्हणजे ८० किलोच्या माणसानें ४ ते ८ किलो कमी केलें, तरी साखर व रक्तदाब या दोहोंवर त्याचा गुण दिसतो.

खाण्याचा हिशेब आतां मांडूं. "गहूं व भात बंद करून ज्वारीची भाकरी खा, वजन उतरेल," असें घरोघर सांगतात. ज्वारी-बाजरींत कोंडा अधिक असल्यामुळें साखर कांहींशी सावकाश चढते, हें खरें. परंतु उष्मांकांच्या दृष्टीनें ज्वारी, बाजरी, गहूं व तांदूळ हे जवळजवळ सख्खे भाऊ आहेत. कोणतेंही धान्य १०० ग्रॅम घेतलें तरी ३२० ते ३६० उष्मांक होतात. पोळी सोडून चार भाकरी खाणाऱ्याचें वजन कशानें उतरावें? आजोबा औतामागें दिवसभर चालत आणि चार भाकरी खात. नातू मोटारसायकलीवरून मळ्यांत जाऊन मोटार चालू करून परत येतो, आणि भाकऱ्या चारच खातो. एकदां घरांत एका भाकरीचें पीठ तोलून पाहावें. तें ८० ग्रॅम भरलें, तर एका भाकरीचे सुमारें २७० उष्मांक झाले. दोन्ही जेवणांत मिळून दोन भाकऱ्या कमी केल्या, तर दिवसास पांचशेंहून अधिक उष्मांकांची बचत होते. आणि आठवड्यास अर्धा किलो वजन उतरण्यास साधारणतः एवढीच बचत लागते.

भाकरी कमी केली म्हणजे पोट रितें वाटतें, ही तक्रार खरी आहे. ती जागा भाजीनें व डाळीनें भरावी. ताटांत अर्ध्या भागांत पालेभाजी, गवार, दोडका, दुधी, कोबी, काकडी, मुळा असावा. पाव भागांत मटकी-हुलग्याची उसळ, घट्ट वरण, अंडें किंवा मासा. आणि उरल्या पावांत भाकरी. प्रथम भाजी व उसळ खावी, भाकरी मागाहून. बटाटा, रताळें यांना या हिशेबांत भाजी समजूं नये. तीं भाकरीचीं भावंडें आहेत. प्रथिनें पोटांत गेलीं नाहींत, तर मेदाबरोबर मांसही झडतें, आणि साखर खर्च करणारें मुख्य यंत्र तर मांसच आहे. मूत्रपिंडास विकार असेल, त्यानें मात्र डाळीचें प्रमाण डॉक्टरांस विचारूनच ठरवावें.

तेलाकडे कोणाचें लक्षच जात नाहीं, कारण तें गोड नसतें. चार माणसांच्या घरांत महिन्यास ५ किलो तेल लागत असेल, तर दर माणशीं दिवसास ४१ ग्रॅमच्या वर झालें, आणि तेलाच्या प्रत्येक ग्रॅमास ९ उष्मांक आहेत. तेंच ३ किलोवर आणलें, तर दर माणशीं रोज दीडशें उष्मांक वांचतात, पैसाही वांचतो. शेंगदाण्याचें कूट अन्न म्हणून उत्तम आहे, पण मूठभर दाण्यांत दीडशेंहून अधिक उष्मांक असतात हें विसरूं नये.

चहाचा हिशेब याहून मौजेचा आहे. दोन चमचे साखरेचे पांच कप चहा दिवसांत सहज होतात. म्हणजे ५० ग्रॅम साखर, महिन्याची दीड किलो! "आम्ही साखर नाहीं, गूळ घालतों," हें उत्तर ऐकूं येतें. गूळ रक्तांत शिरला म्हणजे साखरच होतो. उसाचा रस, काकवी व मध यांचीही तीच गत. आंबा अगदीं वर्ज्य नाहीं. लहान फोड खावी आणि त्या जेवणांत भाकरी तितकी कमी घ्यावी. आमरसाची वाटी मात्र आंब्याची फोड नव्हे.

उपवासाविषयीं दोन शब्द लिहिणें भाग आहे. एकादशीस वजन उतरेल अशा आशेनें पुष्कळ मधुमेही उपवास करतात. परंतु साबुदाणा म्हणजे निव्वळ पीठ, वर दाण्याचें कूट व तूप, आणि जोडीला रताळ्याचा कीस. एवढें खाऊन साखर न चढेल तर नवल. निराहार उपवासाचें भय पुढें औषधांच्या विवेचनांत येईल. ज्यास उपास सोडवत नाहीं, त्यानें ताक, दहीं, काकडी, थोडी वरी व मोजके दाणे यांवर भागवावें, आणि गोळीविषयीं आधीं विचारून ठेवावें.

श्रमाचें महत्त्व आपल्या पूर्वजांस ठाऊक नव्हतें असें नाहीं. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानांत मधुमेह्यास मोठमोठे पल्ले चालण्यास, सतत नांगरण्यास व विहीर खणण्यास सांगितलें आहे. नांगर व विहीर आतां यंत्राकडे गेलीं; चालणें मात्र आपल्या हातीं आहे. आठवड्यास निदान १५० मिनिटें, बोलतां येईल पण गातां येणार नाहीं अशा वेगानें चालावें. बांधावर उभें राहून मजुरांस हांका मारणें या सदरांत जमा होत नाहीं. प्रत्येक जेवणानंतर दहापंधरा मिनिटें चालणें विशेष गुणकारी असतें, कारण काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहतां रक्तांतील साखर ओढून घेतो. आठवड्यांतून दोनतीन वेळां बळाचें काम करावें. बैठका काढाव्या, खोरें-कुदळ चालवावी, पाट्या उचलाव्या. मात्र पायांस बधिरपणा असेल तर अनवाणी एक पाऊलही टाकूं नये. कांटा रुतलेला कळत नाहीं आणि जखम चिघळून पाय गमावण्याची वेळ येते. रोज रात्रीं तळपाय पाहावे. चालतांना छातींत दाटत असेल किंवा डोळ्यांच्या पडद्याचा विकार असेल, त्यानें जड काम डॉक्टरांस विचारूनच करावें.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. खाणें कमी झालें, श्रम वाढले, आणि गोळी किंवा इन्सुलिन पूर्वींइतकेंच राहिलें, तर रक्तांतील साखर धोकादायक रीतीनें खालीं येते. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या जातीच्या गोळ्या व इन्सुलिन यांचें हें विशेष भय आहे. कारण तुम्ही जेवलांत कीं नाहीं हें न पाहतां त्या आपलें काम करतात. नुसत्या मेटफॉर्मिननें असें क्वचितच होतें. डॅपाग्लिफ्लोझिन व त्या जातीच्या गोळ्या मूत्रावाटे साखर घालवितात. त्या चालू असतां कडक उपवास करणें किंवा उन्हांत पाण्यावांचून राहणें घातक आहे. तेव्हां आहार बदलण्याच्या आधीं आपल्या गोळ्यांचीं पाकिटें घेऊन डॉक्टरांकडे जावें आणि विचारावें, "मी खाणें कमी करणार आहें, यांपैकीं कोणती गोळी कमी करावयाची?" स्वतःच्या मतानें गोळी बंद करूं नये व स्वतःच्या मतानें चालूही ठेवूं नये.

साखर ७० च्या खालीं गेली म्हणजे हात कांपतात, दरदरून घाम येतो, एकाएकीं भूक लागते, छाती धडधडते, आणि मग माणूस असंबद्ध बोलूं लागतो. शेतांत एकटा असतां, विहिरीच्या कांठावर किंवा ट्रॅक्टरवर असें झालें तर काय होईल, हें सांगण्याची गरज नाहीं. अशा वेळीं तात्काळ खालीं बसावें आणि तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यांत ढवळून प्यावें. पंधरा मिनिटांत बरें न वाटल्यास पुन्हां तितकीच घ्यावी, व नंतर कांहीं खावें. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडांत कांहींही घालूं नये. कुशीवर निजवून दवाखान्यांत न्यावें. इन्सुलिन वा वरील गोळ्या घेणाऱ्यानें खिशांत साखरेची पुडी असल्यावांचून शेतावर जाऊं नये, आणि ती कशासाठीं आहे हें सालदारास व घरच्यांस सांगून ठेवावें.

वजन उतरविणारीं आठवड्यास एकदां घेण्याचीं नवीं इंजेक्शनेंही निघालीं आहेत. त्यांपैकीं टर्झेपाटाइड हें भारतांत सन २०२५ पासून मिळूं लागलें. त्यांनीं वजन व साखर दोन्ही खरोखर उतरतात. परंतु मळमळ व उलट्या होतात, मांसही झडतें, आणि इंजेक्शन बंद केल्यावर बहुतेकांचें वजन परत चढतें. डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून तीं घेऊं नयेत. बाजारांत 'शुगर कायमची घालविणाऱ्या' पुड्या विकणारे फिरतात. अशा कांहीं पुड्यांत ॲलोपॅथीच्याच गोळ्यांची भुकटी मिसळलेली सांपडली आहे. गुण येतो तो त्या भुकटीचा, आणि प्रमाण कोणासच ठाऊक नसतें.

उतरण्याचा वेग आठवड्यास अर्धा ते एक किलो असावा. पहिल्या पंधरवड्यांत तो अधिक दिसेल, कारण त्यांत पाणीही जातें. पुढें तीनचार महिन्यांनीं कांटा अडून बसेल, कारण हलक्या झालेल्या शरीराचा खर्चही कमी होतो. अशा वेळीं पुन्हां एकदां पीठ व तेल तोलून पाहावें. बहुधा भाकरी हळूच जाड झालेली आढळते. वजन आठवड्यांतून एकदांच, सकाळीं, शौचानंतर, त्याच कांट्यावर करावें. कमरेचा घेर महिन्यांतून एकदां मापावा. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखविणारी रक्ततपासणी तीन महिन्यांनीं करावी. ज्यांना अद्याप रोग आहे कीं नाहीं हेंच ठाऊक नाहीं, त्यांपैकीं तिशीपुढील प्रत्येकास आयुष्मान आरोग्य मंदिरांत किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रांत साखर व रक्तदाब विनामूल्य तपासून मिळतो. हे सर्व आंकडे एका वहींत तारीखवार लिहावे, आणि दर तीन किलो वजन उतरल्यावर ती वही व गोळ्यांचीं पाकिटें घेऊन डॉक्टरांपुढें जावें. कारण ८० किलोच्या माणसास लिहून दिलेली मात्रा ७४ किलोच्या माणसास जड होऊं शकते.